सासूबाईंचे दुखणे, मुलीची दहावी आणि अठरा हजारांचा पगार : मुंबईत अल्प खर्चात काय मिळते

प्रश्न विचारणाऱ्या भगिनी मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील असून काळाचौकीच्या एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहतात. पती कुरिअर कंपनीच्या गोदामात आहेत आणि पगार महिना १८,००० रुपये आहे. एकाहत्तर वर्षांच्या सासूबाईंना दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. रुग्णालयातून त्या घरी आल्या, पण अंथरुणावरच आहेत. मुलगी यंदा दहावीला, मुलगा चार वर्षांचा, आणि स्वतःची शाळा नववीत सुटलेली. या शहरात विनामूल्य किंवा थोडक्या पैशांत नेमके काय मिळते आणि त्यासाठी कोणाला गाठावे, असे त्यांनी विचारले आहे.

गेली सव्वीस वर्षे मी परळ-लालबाग भागात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करीत आहे. असा प्रश्न आला की लोक योजनांच्या यादीची अपेक्षा ठेवतात, आणि अशा याद्या प्रत्येक नाक्यावरच्या फलकावर छापलेल्या असतातही. परंतु माझा अनुभव असा की यादी हातात असलेला माणूसही पहिल्याच खिडकीवरून परत येतो, कारण त्या यादीतील कोणती ओळ आपल्याला लागू आहे आणि त्या ओळीमागे कोणते टेबल आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून मी आपल्या घरापुरतेच बोलते, आणि जे आपल्याला लागू होणार नाही तेही स्पष्ट सांगते, म्हणजे निदान हेलपाटे वाचतील.

सर्वप्रथम पतीचे पगारपत्रक काढून समोर ठेवावे. त्यात ‘ईएसआय’ अशी कपात आहे का, ते पाहावे. आजमितीस महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि या कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनेतील कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जाते. १८,००० वर ती आपल्या बाजूने १३५ रुपये होते. ही कपात होत असेल, तर केवळ पतीच नव्हे, तर आपण, दोन्ही मुले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या सासूबाई अशा सर्वांना विमा दवाखान्यातील तपासणी, औषधे आणि गरज पडल्यास रुग्णालयातील उपचार मिळण्याचा अधिकार आहे. अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे स्वतःचे उत्पन्न महिना ९,००० रुपयांच्या आत असावे, एवढी अट आहे. परळला महामंडळाचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आपल्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तरीही दर महिन्याला एक तरी कुटुंब मला असे भेटते, ज्याच्या पगारातून वर्षानुवर्षे ही रक्कम कापली जात आहे आणि जे रक्तदाबाच्या गोळ्या मात्र रोखीने विकत घेत आहे. बहुतेक वेळा अडचण एकच असते : नोकरीला लागताना भरलेल्या अर्जात कुटुंबीयांची नावे घातलेलीच नसतात. पतींनी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून आपला विमा क्रमांक आणि ई-पेहचान कार्डाची छापील प्रत मागून घ्यावी, त्यावर आईचे नाव आहे का ते पाहावे, आणि नसल्यास आधार कार्डासह ते घालून घ्यावे. हे काम एका आठवड्यात होण्यासारखे आहे आणि या संपूर्ण उत्तरातील सर्वांत जास्त पैसे यातूनच वाचणार आहेत.

त्याच पगारपत्रकात जून आणि डिसेंबर महिन्यांत आणखी एक बारीक कपात दिसते, ‘एमएलडब्ल्यूएफ’ या अक्षरांखाली. ती महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची. पूर्वी सहा महिन्यांना १२ रुपये कापले जात, २०२४ पासून २५ रुपये कापले जातात आणि मालक ७५ रुपये भरतो. रक्कम इतकी किरकोळ की कोणी विचारीतही नाही; पण त्यावर १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेले कामगार कल्याण मंडळ चालते, आणि त्याची केंद्रे आपल्या गिरणगावात आजही आहेत. शिशुमंदिर, शिवणवर्ग, ग्रंथालय, अभ्यासिका अशा सोयी अगदी नाममात्र शुल्कात तेथे मिळतात. प्रत्येक केंद्रात सर्वच असते असे नाही. दहावीनंतर मुलांसाठी शिष्यवृत्ती, पाठ्यपुस्तकांच्या खर्चात साहाय्य, गंभीर आजारासाठी मदत यांचे अर्जही याच केंद्रांतून भरले जातात. मंडळाचे मुख्यालय प्रभादेवी स्थानकाजवळ हुतात्मा बाबू गेनू गिरणी कामगार क्रीडा भवनात आहे. घराजवळचे केंद्र कोणते, ते तेथे विचारावे. सोबत कपात दिसणारे पगारपत्रक न्यावे.

आता सासूबाईंविषयी. येथे मी थोडी अधिक थांबते, कारण घरातले खरे ओझे हेच आहे.

अंथरुणावरच्या रुग्णासाठी डॉक्टर हवेची गादी, कमोड खुर्ची, वॉकर असे लिहून देतात आणि घरातली माणसे थेट दुकानात जातात. तसे करू नये. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे या शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. काही सेवाभावी संस्था चालवितात, काही गणेशोत्सव मंडळे, काही ज्येष्ठ नागरिक संघ. परत मिळणारी अनामत आणि अगदी थोडे भाडे घेऊन, कोठे भाडेही न घेता, ही केंद्रे चाकाची खुर्ची, डोक्याकडची व पायाकडची बाजू वर-खाली करता येणारी फाउलर खाट, हवेची गादी, कुबड्या, कमोड खुर्ची असे साहित्य काही महिन्यांसाठी देतात. अनेकांच्या घरचे रुग्ण बरे होतात किंवा जातात आणि ते साहित्य याच केंद्रांना दान येते, त्यामुळे वस्तू वापरलेल्या असतात, हे गृहीत धरावे. आपल्या भागातील गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारल्यास लालबाग-परळमधील दोन-तीन पत्ते सहज कळतील. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधारची प्रत लागते.

साहित्य ताब्यात घेताना ते तेथेच तपासून घ्यावे. हवेच्या गादीचा पंप केंद्रातच लावण्यास सांगावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे : गादीचे कप्पे आळीपाळीने फुगायला आणि बसायला हवेत. सगळेच कप्पे एकाच वेळी फुगलेले राहत असतील, तर ती गादी साध्या गादीपेक्षा फारशी उपयोगाची नाही. वॉकरच्या चारही पायांना रबरी टोप्या आहेत का, ते बोटांनी चाचपावे. चाळीतील शहाबादी फरशी ओली असताना झिजलेली टोपी सटकते आणि दुसरे दुखणे ओढवते. कमोड खुर्ची आणण्यापूर्वी आपल्या खोलीचे दार आणि मोरीकडची वाट सुतळीने मोजून ती सुतळी केंद्रात न्यावी. दहा बाय बाराच्या खोलीत फाउलर खाट आली की रात्री मुले कोठे झोपणार, हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे मी अशा घरांना खाट घेण्याचा आग्रह करीत नाही, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळीवर हवेची गादी पुरते. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलणे चुकवू नये. पाठीचा कणा जेथे संपतो तेथे आणि टाचांवर त्वचा लाल होऊन दाबल्यावरही पांढरी पडत नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजून त्याच दिवशी दाखवावे.

भौतिकोपचार (फिजिओथेरपी) सुरू झालेले नसतील तर तातडीने सुरू करावेत, कारण झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जी हालचाल परत येते तिचा वेग पुढे मंदावतो. केईएम रुग्णालयातील भौतिकोपचार विभाग जवळ आहे. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून याच कामासाठी आहे. रोज नेणे शक्य नाही, हे मला ठाऊक आहे; टॅक्सीचेच भाडे उपचाराच्या शुल्कापेक्षा अधिक होते. म्हणून आठवड्यातून एकदा न्यावे, आणि उपचारतज्ज्ञांना आधीच सांगावे की उरलेले दिवस व्यायाम घरचे माणूस करून घेणार आहे, तेव्हा ते आपल्याकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्या. दहावीतली मुलगी सोबत असेल तर तिने मोबाइलवर चित्रण करावे. हात-पाय कायमचे अधू राहिले तर प्रकृती स्थिरावल्यावर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. त्यात दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक नोंदले गेले तरच पुढील सवलती मिळतात.

पुन्हा रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली तर दोन वाटा आहेत, आणि त्या आजच मोकळ्या करून ठेवाव्यात. पहिली म्हणजे सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकासाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड. त्याला उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरून धरले जाते आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत रोकड न भरता होतात. सासूबाईंचे हे कार्ड काढून ठेवावे. त्यांना उठून जाता येत नसल्यामुळे मोबाइलवरून चेहऱ्याच्या ओळखीने ते करता येते का, हे जवळच्या संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारावे. दुसरी वाट संपूर्ण कुटुंबासाठी : २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते, तिची मर्यादाही ५ लाखांची आहे, आणि पूर्वी वगळलेली पांढरी शिधापत्रिकाही तिला आता चालते. दूरध्वनी १५५३८८. दोन्हींबाबत एक गैरसमज मला रोज दूर करावा लागतो, तो येथेही करते : या योजना यादीतील उपचारांसाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या आहेत, घरी घ्यायच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या यांच्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही. त्या गोळ्यांसाठी विमा दवाखाना, महापालिकेचा ‘आपला दवाखाना’, आणि तेथे न मिळालेल्या औषधांसाठी जनऔषधी केंद्र, असा क्रम ठेवावा. जनऔषधीत जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीत दुकानदाराच्या सांगण्यावरून अदलाबदल करू नये.

धर्मादाय रुग्णालयांविषयी लोक बरेच ऐकून असतात आणि अर्धवट ऐकून असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार सार्वजनिक न्यासांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धनांची मर्यादा वार्षिक १,८०,००० रुपये, दुर्बलांची ३,६०,०००. आपले उत्पन्न २,१६,००० होते, म्हणजे आपण दुसऱ्या गटात बसता : औषधे आणि शरीरात बसवायची साधने रुग्णालयाने खरेदी किमतीनेच लावावीत आणि त्या बिलाची किमान निम्मी रक्कम आपण भरावी, असा नियम आहे. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागून त्याला अडवून ठेवता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतील एका गृहस्थांना अशा एका रुग्णालयाच्या खिडकीवर ‘खाटा भरल्या आहेत’ असे सांगून रात्री अकरा वाजता ४०,००० रुपये आणायला पाठविले होते. मी त्यांच्याकडून कागदावर चार ओळींचा अर्ज लिहून घेतला, रुग्णाचे नाव, उत्पन्न, योजनेचा उल्लेख, वेळ. आणि खिडकीवर एवढेच म्हटले की दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. पोच देण्याऐवजी आतून माणूस आला आणि खाट निघाली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते : तोंडी विनंती कितीही करा, पण कागद दोन प्रतींत लिहा. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि तक्रारीसाठी त्यांचे कार्यालय वरळीला आहे.

या साऱ्यासाठी लागणारे कागद दोनच आहेत, पण ते आजारपणाच्या रात्री निघत नाहीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून आत्ताच काढून ठेवावा, आणि आर्थिक वर्ष बदलले की नवा घ्यावा. दुसरी शिधापत्रिका. आपली पत्रिका गावच्या पत्त्यावर असेल, तर ती टाकून देऊ नये किंवा नावे कमी करून घेण्याची घाई करू नये. सर्वांचे आधार तिला जोडले आहे आणि ई-केवायसी झाली आहे, एवढे पाहावे. धान्याच्या बाबतीत मात्र खोटी आशा नको. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे आणि आपण तिच्या बऱ्याच वर आहात. दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेची मर्यादा तर २१,००० आहे, त्यामुळे तेथे अर्ज करून दिवस घालवू नये, कोणी पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणाला तरीही.

महिन्याच्या किराण्यात बचत करायची तर दानापेक्षा एकत्रित खरेदी अधिक टिकते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते : शेजारची काही कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात, आणि माल एका घरी येऊन तेथे वाटला जातो. चाळीत हे जमते, इमारतीपेक्षा बरेच सोपे जमते. दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीचे केंद्र जवळ चालू असेल तर पतींच्या दुपारच्या जेवणाला ती उपयोगी. त्यात दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात असतो. अशा केंद्रांवर घराचे गणित मात्र बांधू नये. एके काळी एक रुपयाची झुणका-भाकर होती. ती गेली आणि तिच्या टपऱ्यांत वडापाव आला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मुलीच्या अभ्यासाचा प्रश्न खरे तर जागेचा आहे. आजी आजारी, भाऊ लहान, खोली एक. वर सांगितलेल्या कल्याण केंद्राची अभ्यासिका, महापालिकेची अभ्यासिका किंवा गणेशोत्सव मंडळाची खोली, यांपैकी जी घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत असेल आणि रात्री नऊपर्यंत उघडी असेल ती निवडावी. मुलीने एकटीने यायचे आहे, हे अंतर ठरवताना विसरू नये. या भागाला ही परंपरा जुनी आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, आणि तिच्या रात्रशाळा, वाचनालये व दवाखाने गिरणी कामगारांसाठीच होते. मी ज्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकले, तीही १९३६ मध्ये नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्येच सुरू झाली होती.

धाकट्याला अंगणवाडीत घालावे. तेथे शिकवीत काही नाहीत, अशी तक्रार होते आणि ती अनेकदा खरीही असते, तरी आहार, वजनाची नोंद आणि तीन तासांची मोकळीक आपल्याला मिळेल. सासूबाईंना अंघोळ घालण्यासाठी ती लागणारच आहे. खासगी शाळेतील शिक्षणहक्काच्या २५ टक्के जागांसाठी दुर्बल गटाची उत्पन्नमर्यादा १ लाख आहे, म्हणून त्या गटातून अर्ज होणार नाही. मात्र आपण अनुसूचित किंवा इतर मागास प्रवर्गात येत असाल तर उत्पन्नाची अट नसते आणि जातीच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. पालिकेच्या शाळेत घातल्यास गणवेशापासून बुटांपर्यंत २७ वस्तू विनामूल्य मिळतात, आणि मला विचाराल तर चालती पालिका शाळा निवडणे यात कमीपणा मुळीच नाही.

आपण विचारलेले नाही, तरी एक क्रमांक लिहून ठेवावा : १५१००. घरमालकाने अनामत अडवली, कंपनीने वेतन थकवले, किंवा अन्य कोणतेही न्यायालयीन काम निघाले, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आणि रात्र-रात्र जागून मन थकले असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून बोलता येते. रुग्णाची सेवा करणारी सून स्वतःसाठी फोन करीत नाही, हे मी जाणते, म्हणूनच सांगत आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या नववीचा. दहावीसाठी रात्रशाळा हा एक मार्ग आहे, पण सासूबाईंची अवस्था पाहता रोज संध्याकाळी घराबाहेर राहणे आपल्याला जमेलसे वाटत नाही. त्यापेक्षा १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसावे. मुलीची पुस्तके घरात आहेतच. पुढच्या वर्षी ती आपल्याला शिकवू शकेल. या अर्जाला गावच्या शाळेचा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, आणि बहुतेक स्त्रियांचे काम त्यावरच अडते, कारण तो शाळेतून कधी घेतलेलाच नसतो किंवा लग्नानंतर माहेरच्या ट्रंकेत राहिलेला असतो. मे महिन्यात कोणी गावी जाणार असेल, तर त्यांच्याकडे शाळेच्या नावे अर्ज लिहून द्यावा आणि दाखल्यावर नाव, जन्मतारीख व आईचे नाव बरोबर आहे ना, हे मुख्याध्यापकांसमोरच वाचून घेण्यास सांगावे. दुरुस्ती गावातच होते. मुंबईतून ती करायची म्हटली तर वर्ष जाते.